सवतीचा डेस्कटॉप

सकाळी कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर आधी तिचं नाव यायचं. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं. वर सूर्यफुलाचं चित्र, खाली नाव, आणि त्याखाली पासवर्डची चौकट. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, मला या घरात येऊन चार. तरी नांदेडच्या आमच्या पुढच्या खोलीत रोज नऊ वाजता मला आधी तिचं तोंड बघावं लागायचं, मग माझं काम सुरू व्हायचं. ते नाव मी इथं लिहीत नाही. आधीच लई ठिकाणी लिहिलेलं आहे.

मी लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देते. शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे, पीकविम्याचे, भरतीचे. ती डीटीपीचं काम करायची, म्हणजे लग्नपत्रिका, बॅनर, कोर्टाचं टायपिंग. मी आले तेव्हा टेबल तिचं होतं, खुर्ची तिची होती, कॉम्प्युटरही तिचाच. खुर्चीची गादी मी पहिल्याच महिन्यात बदलली. बाकीचं बदलायला कुणी देत नव्हतं.

आणि लोकं. लोकांच्या जिभेला काय हाड असतंय? फॉर्म भरायला यायचे आणि माझ्या बोटांकडं बघत बसायचे. "पहिल्या म्याडम खाली न बघता टाईप करायच्या," एक जण म्हणायचा. दुसरी म्हणायची, "माझ्या पोरीची पत्रिका त्यांनीच केलती, धर्माबादच्या पाव्हण्यांनी अजून जपून ठेवलीय." मेल्या म्हशीला मणभर दूध. जित्या माणसाची चूक सापडते, ओटीपी चुकतो, फोटो तिरका लागतो. मेलेल्याचं सगळं सरळच. मी जळायचे. गेलेल्या बाईवर जळते हे सांगावं तरी कुणाला, म्हणून गुमान फॉर्म भरायचे.

घरात माणसं तशी तीनच. मी, नवरा आणि तिची मुलगी. मुलगी दोन वर्षांपासून लातूरला. डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास, हॉस्टेल, वर्षातून दोन-तीनदा सुट्टी. पोरगी गुणाची, उलटून बोलणार नाही, ताट वाढलं तर मुकाट्यानं जेवणार. पण मला ती कधीच काही म्हणाली नाही. आई म्हण असं मी कुठं म्हणत होते? ताई म्हण, मावशी म्हण, निदान अहो तरी म्हण. ती 'तुम्ही'वरच भागवायची. फोनवर बापाला म्हणायची, "त्यांना द्या." त्यांना म्हणजे मला. चार वर्षांत मला त्या घरात एवढंच पाहिजे होतं, की कुणीतरी माझी जागा माझी म्हणावी. दुसरं काही मागितलं असेल तर सांगा.

सुट्टीत आली की ही पोरगी एकदा तरी पुढच्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि दहा-पंधरा मिनिटं कॉम्प्युटरसमोर बसायची. मी चहाच्या निमित्तानं आत गेले की झटकन काहीतरी बंद करायची. डोळे ओले असायचे का कसे, कळायचं नाही. मला वाटायचं, आईचे फोटो बघत असेल. माझ्या हातचं चार वर्षं खाऊन राहिलीस आणि रडायला मात्र तिकडं जातीस, असं वाटायचं. वाटायचं ते वाटायचं, आता लपवून काय करू?

एकदा मी नवऱ्याला म्हणलं, "अहो, ते पडद्यावरचं नाव बदलू का? दोन मिनिटांचं काम हाय." ते पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात क्लार्क. माणूस शांत, कागदावर कागद ठेवावा तसं बोलणार. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "राहू दे की. नावानं तुझं काम अडलंय का काही?"

नाही अडलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी इतक्या जोरात थापल्या की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायला लागली, काय झालं.

काम अडलं ते पुढच्या उन्हाळ्यात. कॉम्प्युटर जुन्या विंडोज सेव्हनवर होता. ती होती तेव्हा ते चालून जायचं. पण आता एकेक सरकारी साईट उघडायची बंद झाली. फॉर्म अर्धा भरला की पडदा पांढरा. कधी लिहून यायचं की तुमचा ब्राउझर जुना झाला, नवा टाका, आणि नवा टाकायला गेलं की म्हणायचं आधी सिस्टीम नवी टाका. गिऱ्हाईक उठून पुढच्या गल्लीतल्या सेंटरवर जायला लागलं. जाता जाता एक जण म्हणालाच, "पहिल्या म्याडम असत्या तर काहीतरी करून भरला असता." त्या असत्या तर त्यांचाही कॉम्प्युटर हाच असता, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "बघू. पण त्याला कुणी हात लावायचा नाही. दिवाळीत मीच घेऊन जातो." दिवाळीला चार महिने होते. चार महिने मी काय माश्या मारायच्या? पण खरं सांगते, साईट उघडत नाहीत ही माझी सबब होती. सबब खरी होती म्हणून मला लई बरं वाटलं. सिस्टीम बदलली म्हणजे ते नाव आपोआप जाणार, हे मी मनात पक्कं धरलं होतं.

ते बंधाऱ्याच्या मोजणीला तीन दिवस इस्लापूरकडं गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी वायरी काढल्या, सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला आणि ऑटोत मांडीवर घेऊन बसले. बसस्टँडजवळ एक दुरुस्तीवाला आहे. पन्नाशीचा, काडीसारखा माणूस, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. त्यानं मशिन उघडलं, फुंकर मारली, धूळ माझ्याच अंगावर उडवली.

"विंडोज अकरा नंबर ह्याला पचणार न्हाई," तो म्हणाला. "दहा टाकतो. रॅम वाढवतो. आरामात चालंल."

"टाका."

"आन डेटा? डी ड्राईव्हमध्ये जे हाय ते राहील. सी वरलं सगळं उडतंय. म्हणजे डेस्कटॉपबी उडतंय."

मला माहीत होतं. माझं सगळं मी डी मध्ये ठेवते, कॉम्प्युटरच्या शिकवणीतच तसं सांगितलं होतं. तिचं सगळं डेस्कटॉपवर होतं. आमच्याकडं बहुतेक माणसं असंच करतात. डोळ्यासमोर दिसतंय ना, मग जातंय कुठं? तिचा डेस्कटॉप इतका गच्च होता की सूर्यफुलाच्या शेताचा फोटो मागं लावलेला, त्याची एक पाकळी दिसायची नाही. फोल्डरच फोल्डर. लोकांच्या आडनावांचे, गावांचे, आणि एक 'छकुली' नावाचा. चार वर्षांत मी त्यातला एकही उघडून बघितला नव्हता. बघितलं असतं तर तिचं काम किती चांगलं होतं ते कळलं असतं, म्हणून.

"डेस्कटॉप भरलाय की ताई," तो म्हणाला.

"जुनं हाय सगळं. काही कामाचं न्हाई. उडवा."

त्यानं टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि माझ्यासमोर सरकवली. "तुमच्या हातानं लिहा. यात माझं महत्त्वाचं काही नाही. आन खाली सही."

"हे कशाला आता?"

"इथं समदे न्हाई म्हणतात. आठ दिवसांनी रडत येतात आन मलाच चोर ठरवतात. सही लागते म्हणजे लागते."

वहीत पानंच्या पानं तेच एक वाक्य होतं, वेगवेगळ्या अक्षरांत. कुणाचं गिचमीड, कुणाचं शिक्षकासारखं वळणदार. मीही लिहिलं. यात माझं महत्त्वाचं काही नाही. लिहिताना मनात म्हणलं, खोटं कुठंय? माझं तर खरंच काही नव्हतं त्यात. सही केली, तारीख टाकली, दुपारी मशिन घेऊन घरी आले.

चालू केलं. पडदा निळा, स्वच्छ, आणि मधोमध माझं नाव. मी तशीच बघत बसले. लग्नाच्या दिवशीसुद्धा माझं नाव बघून एवढा आनंद झाला नव्हता, कारण त्या दिवशी हॉलच्या पाटीवर ते लहान अक्षरात होतं. त्या दिवशी एका दुपारात मी सात फॉर्म भरले. सगळ्या साईट फटाफट उघडत होत्या. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणलं.

नवरा परत आला तो पुढच्या खोलीच्या दारातच थांबला. चपलाही काढल्या नाहीत.

"डेस्कटॉप?" एवढंच विचारलं.

"उडालं म्हणे. त्यानं मला विचारलंच न्हाई," मी म्हणाले. कसं सहज निघालं तोंडातून. मी त्यासाठी काही तयारी केली नव्हती.

"बरं," ते म्हणाले, आणि पाय धुवायला गेले. भांडले असते तर मी चार शब्द ऐकवले असते. ते भांडले नाहीत. फक्त पुढच्या खोलीत यायचे बंद झाले. पेपर मागच्या अंगणात बसून वाचायला लागले. मी म्हणलं, होतील सरळ. रोज थोडंच कुणी मेलेल्याच्या नावानं उपाशी राहतं.

दीड महिना असाच गेला. मग एका संध्याकाळी मुलीचा लातूरहून फोन आला. बोलता बोलता बापानं सांगितलं की कॉम्प्युटर नवीन केला. मी भाजी निवडत होते. मग ते माझ्याकडं फोन धरून म्हणाले, "तुला दे म्हणते."

"डेस्कटॉपवर छकुली नावाचं फोल्डर होतं," ती म्हणाली. "ते हाय ना?"

मी म्हणलं, "त्या मेकॅनिकनं सगळंच उडवलं बघ. न विचारता."

"त्यात माझी पत्रिका होती."

"कसली पत्रिका?"

"लग्नाची. आईनं करून ठेवली होती. दवाखान्यातून घरी आणलं होतं ना तिला शेवटी, तवा. म्हणली, सगळ्या नांदेडच्या पोरींच्या पत्रिका मी केल्या, तुझी दुसऱ्या कुणाच्या हातची नको." ती रडत नव्हती. एखादा फॉर्म भरताना आपण माहिती सांगतो तशी सांगत होती. "सुट्टीत आले की मी तीच बघायची. पप्पा म्हणायचे कॉम्प्युटरमध्ये हाय, कुठं जातंय."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. फोन मी नवऱ्याला दिला. ते आत गेले, बराच वेळ बोलले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी चार वर्षांत बघितला नव्हता तसा होता.

"रविवारी जातो मी त्या माणसाकडं," ते म्हणाले. "न विचारता उडवतो म्हणजे काय? कुणाचं काय असतंय त्याला काय माहीत? सही-बिही तर घेतली नव्हती ना त्यानं तुझी?"

"न्हाई," मी म्हणाले.

तो शुक्रवार होता. त्या वहीत माझ्या हातचं वाक्य होतं, सही होती, तारीखही होती. रविवारी हे तिथं जाणार, तो वही पुढं करणार, आणि चार वर्षांत मी या घरात जेवढी म्हणून उभी राहिले होते तेवढी पुसली जाणार. पण खोटं उघडं पडेल याच्यापेक्षा पोरीचा तो आवाज जास्त टोचत होता. आरडाओरडा केला असता तर मला राग तरी आला असता.

शनिवारी सकाळी ते कार्यालयाच्या कुठल्याशा बैठकीला गेले आणि मी दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं मला बघितलं आणि काही न विचारता खणातून वही काढली. माझं पान शोधलं, बोट ठेवलं, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"महत्त्वाचं काही नाही," त्यानं वाचलं. "काय होतं मग?"

"पोरीची लग्नपत्रिका. तिच्या आईनं केलेली. तिची आई वारली." आणि मग कशाला लपवायचं म्हणून सांगून टाकलं, "मी दुसरी."

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "उडवायच्या आधी कॉपी काढून दोन महिने ठेवतो मी. समद्यांचंच. सही घेतो ती भांडणापुरती. मग मात्र जागा लागते, उडवतो. तुमचं पुढच्या आठवड्यात जाणार होतं."

त्याच्या दुकानात एकच स्टूल होतं, त्यावर कुणाचा तरी प्रिंटर ठेवला होता. तो प्रिंटर मांडीवर घेऊन मी बसले.

त्यानं फोल्डर काढलं. पत्रिका उघडली तर सगळी अक्षरं भलतीच, नुसते कंस आणि स्वल्पविराम. तो म्हणाला, "जुना फाँट हाय. थांबा." त्याच्याकडं जुन्या फाँटांची एक सीडीच होती. ती घातली, पाचेक मिनिटं काहीबाही केलं, आणि एकदम सगळ्या ओळी मराठीत आल्या.

वर नमो बुद्धाय. मंगल परिणय. निळ्या रंगाची नक्षी, बारीक, कुठं एक रेघ इकडची तिकडं नाही. लोकं सांगायचे ते खरं होतं. मुलीचं नाव मोठ्या अक्षरात. मुलाच्या नावाच्या जागी ठिपके. दिवस, वेळ, ठिकाण, सगळीकडं ठिपके. मुलीच्या नावाखाली लिहिलं होतं, कालकथित, आणि पुढं तिच्या आईचं नाव, यांची कन्या. गेलेल्या माणसाच्या नावाआधी आमच्यात कालकथित लिहितात. ते तिनं जिवंतपणी, आपल्या हातानं, आपल्याच नावामागं टाईप केलं होतं.

आणि अगदी खाली, विनीत. तिथं आधी माझ्या नवऱ्याचं नाव. त्याच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, आयुष्यमती. बाईच्या नावाआधी लिहितात ते. आणि पुढं ठिपके. एका पूर्ण नावाला पुरतील एवढे.

मी ते परत परत वाचलं. दुसरी कोण असणार होती ती? तिला काय माहीत होतं मी कोण, कुठली, कशी? पण कुणीतरी येणार हे तिनं धरलं होतं, आणि येणारीला पोरीच्या लग्नात उभं राहायला जागा ठेवून गेली होती. मी चार वर्षं जी जागा मागून राहिले होते, ती माझ्याच टेबलावर होती. मी ती सही करून उडवायला दिली होती.

शरम वाटली, वाटणारच. पण खरं सांगायचं तर शरमेच्या आधी राग आला. म्हणजे इथंही हीच पुढं. चांगुलपणातसुद्धा मला वर येऊ देईना ही बाई. प्रिंटर मांडीवर घेऊन मी तिथं रडले. दुरुस्तीवाला पाठ फिरवून कसलेतरी स्क्रू मोजत बसला.

नवरा दुपारी आला तेव्हा मी पत्रिका घेतलेला पेनड्राईव्ह त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. वही, सही, न विचारता उडवलं हे खोटं, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पेनड्राईव्ह उचलून शर्टाच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं, आणि म्हणाले, "तिला तूच सांग." स्वतःच फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"सापडली पत्रिका," मी म्हणाले. "आणि त्यानं आपल्या मनानं उडवली नव्हती. मीच उडव म्हणलं होतं. सही करून दिली होती."

लातूरच्या त्या हॉस्टेलात मागं पोरी कुणाला तरी हाका मारत होत्या.

"ऐकून राहिलीस ना?"

"हाव," ती म्हणाली. "तुम्ही वाचली का?"

"वाचली."

"सगळी?"

"सगळी."

"खालचं विनीतबी?"

"हाव."

"मागच्या दिवाळीत मी त्या ठिपक्यांत तुमचं नाव टाकलं होतं," ती म्हणाली. "बसत होतं बरोबर. मग तुम्ही चहा घेऊन आलात म्हणून सेव्ह न करताच बंद केलं. म्हणलं, पुढच्या सुट्टीत करू."

मी विचारलं, "मग आता?"

"आता राहू द्या," ती म्हणाली. "पप्पांना फोन द्या."

मी फोन दिला.